सामाईक पेटी आणि लिनक्स : जोडणी नसेल तर ती नसल्याचे दिसले पाहिजे

आमचे कापडाचे दुकान नशिराबादच्या बाजारात आहे. खाली काउंटर, मागे गोदाम आणि माडीवर हिशेबाची खोली. तिन्ही ठिकाणी एकेक संगणक आहे, आणि तिघांचा हिशेब माडीवरच्या एकाच पेटीत राहतो. काउंटरवर विक्री आणि वसुली लिहिली की ती वर दिसते, गोदामातून ठाण गेले की ते खाली दिसते. तिन्ही संगणक आता लिनक्सवर चालतात.

गेल्या लग्नसराईत या व्यवस्थेने आम्हाला एका जुन्या माणसासमोर मान खाली घालायला लावली. दोष लिनक्सचा नव्हता, पेटीचाही नव्हता. दोघांमधली जोडणी आम्ही नीट करून घेतली नव्हती. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी अनेकांनी आता दुकानात अशा पेट्या बसवल्या आहेत. म्हणून घडले ते आधी सांगतो आणि मग जोडणी पक्की कशी करावी ते पाहू.

पावती हातात, नोंद मात्र नाही

शेजारच्या गावचे एक शिंपी, ज्यांना सगळे मास्टर म्हणतात, आमच्याकडून अस्तर आणि शर्टिंग उधारीवर नेतात. मे महिन्यात आम्ही थकबाकीची यादी काढली. मास्टरांच्या नावावर बारा हजार रुपये बाकी दिसले. पोराकरवी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी मास्टर स्वतः आले, खिशातून घडी केलेली पावती काढली आणि गल्ल्यावर ठेवली. "शेठ, मी १ एप्रिलला पैसे भरले. तुमच्याच पोराने पावती फाडली. तीस वर्षांत तुमचा माणूस माझ्या दारात वसुलीला आला नव्हता."

पावती खरी होती. पोराचे अक्षर होते. संगणकात मात्र त्या दिवशीच्या रोजमेळात काउंटरवरची एकही नोंद नव्हती. आम्ही त्या दिवशी मालासाठी सुरतेला गेलो होतो. रोकड जास्त निघाली होती, पण गर्दीचे दिवस म्हणून ती किरकोळ विक्रीत जमा धरली गेली. पोराला विचारले तर तो शपथेवर सांगे की त्याने सगळे लिहिले होते.

तो खरेच बोलत होता. त्या सकाळी वीज जाऊन आली होती. काउंटरचा संगणक लवकर सुरू झाला, माडीवरची पेटी उशिरा. जोडणी झाली नाही. पोराने रोजच्यासारखे हिशेबाचे फोल्डर उघडले, ते रिकामे दिसले. नवे आर्थिक वर्ष होते, जुन्या फाइली आम्ही हलवल्या असतील असे त्याला वाटले. त्याने नवी फाइल केली आणि दिवसभर लिहीत राहिला. ती फाइल पेटीत गेलीच नाही. ती काउंटरच्याच संगणकात राहिली. संध्याकाळी संगणक बंद झाला, दुसऱ्या सकाळी जोडणी झाली, आणि ती फाइल दिसेनाशी झाली.

कारण समजून घ्या. लिनक्समध्ये बाहेरची पेटी एखाद्या फोल्डरवर जोडतात, याला माउंट करणे म्हणतात. दुकानात गादीवर आपण जाजम अंथरतो तसे हे असते. जाजम अंथरले की वर जे आहे तेच दिसते, खाली काय राहिले ते दिसत नाही. जाजम नसताना पोराने गादीवर चिठ्ठी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यावर जाजम पडले. जळगावहून आलेल्या मिस्त्रीने जोडणी सोडवली, म्हणजे जाजम उचलले, तेव्हा खाली ती फाइल जशीच्या तशी होती. मास्टरांचे बारा हजार त्यात तिसऱ्या ओळीवर होते. आम्ही त्यांच्या दुकानी जाऊन माफी मागितली.

या प्रकरणातून आम्ही जो धडा घेतला तो एका वाक्यात असा : जोडणी अधूनमधून तुटणारच, पण तुटलेली असताना ती तुटल्याचे दिसले पाहिजे, आणि तेव्हा त्या जागी कोणाला काही लिहिता येता कामा नये.

पेटी आणि तिची बोली

बाजारात ज्याला नॅस म्हणतात आणि दुकानदार सरसकट सर्व्हर म्हणतात, ती ही पेटी म्हणजे आत एक-दोन हार्ड डिस्क असलेला लहानसा संगणकच असतो. ती वायरने राउटरला जोडलेली असते आणि दुकानातल्या सर्व संगणकांना आपल्या पोटातले फोल्डर वापरू देते.

संगणक आणि पेटी यांना आपसात बोलायला एक बोली लागते. विंडोजच्या जगात ही बोली एसएमबी नावाने चालते. लिनक्सला ती येत नव्हती. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे शिकत असलेल्या अँड्रयू ट्रिजेल याने १९९१-९२ च्या सुमारास दोन संगणकांमधली देवाणघेवाण वायरवर तपासत ही बोली उलगडली आणि त्यातून सांबा हा मोफत प्रोग्राम तयार झाला. एस, एम आणि बी ही अक्षरे ज्यात येतात असे शब्द त्याने संगणकातल्या शब्दसंग्रहात शोधले, त्यात सांबा हे नाव सापडले. आज बाजारातल्या पुष्कळशा पेट्यांच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असतो. एनएफएस नावाची दुसरी बोली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये काढली. सगळे संगणक लिनक्सचे असतील तर तीही चालते. पण दुकानात एखादा विंडोजचा संगणक असेल, तर सर्वांसाठी एसएमबी ठेवणे सोयीचे.

लिनक्सकडे आम्ही का वळलो, हेही सांगतो. आमचे संगणक जुने होते. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही. चालती यंत्रे भंगारात घालणे आम्हाला पटले नाही. लिनक्स मोफत आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते, आणि लिबरऑफिसमध्ये रोजमेळ, उधारी, स्टॉक सगळे चालते. आपल्याकडेही हे काम नवे नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचा भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणला होता.

पाहुणी जोडणी आणि कायमची जोडणी

पेटी उघडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे फाइलींच्या खिडकीत नेटवर्कवर जाऊन पेटीच्या नावावर टिचकी मारणे आणि पासवर्ड देणे. ही पाहुणी जोडणी. ज्याने उघडली त्याच्यापुरती असते आणि संगणक बंद झाला की जाते. काही हिशेबी प्रोग्रामना ती नीट दिसतही नाही. कधीमधी एखादी फाइल पाहायला ती ठीक आहे, रोजच्या हिशेबाला नाही.

दुसरी कायमची जोडणी. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक यादी असते. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर जोडायची ते तिच्यात लिहिलेले असते. संगणक सुरू होताना ती वाचतो. त्यात पेटीची एक ओळ लिहिली की काम झाले, असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. आमच्या मिस्त्रीनेही तेवढेच केले होते. त्या ओळीत आणखी काय काय लागते, ते आता पाहू. एसएमबीच्या जोडणीसाठी सिफ्स-युटिल्स हे लहान पॅकेज आधी बसवलेले असावे लागते.

जोडणी कुठे कुठे तुटते

पत्ता बदलतो. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो आणि वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. पोस्टमनला जुना पत्ता दिला तर पत्र पोहोचेल कसे? राउटरच्या सेटिंगमध्ये पेटीसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. पेटीच्या मॅक क्रमांकावरून राउटर तिला ओळखतो आणि दर वेळी तोच पत्ता देतो. हे पहिले काम.

संगणक घाईत असतो. वाय-फाय किंवा वायर सुरू होण्याआधीच तो पेटी शोधायला जातो, सापडली नाही की नाद सोडतो. वाय-फाय असेल तर आणखी एक खोच आहे. पुष्कळदा वाय-फायचा पासवर्ड एका माणसाच्या खात्यात साठवलेला असतो, म्हणून तो माणूस आत येईपर्यंत नेटवर्कच सुरू होत नाही. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ही जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी आहे अशी खूण करावी. त्याहून चांगले म्हणजे काउंटरपर्यंत वायर ओढावी. आम्ही ओढली. खर्च फार नाही.

पासवर्ड भलत्या जागी असतो. एफएसटॅब ही यादी संगणकावर बसणारा कोणीही वाचू शकतो. तिच्यात पेटीचा पासवर्ड लिहिणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगणे. पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवावा, ती फाइल फक्त मुख्य खात्याला, म्हणजे रूटला, वाचता यावी आणि यादीत तिचा नुसता ठावठिकाणा द्यावा. पेटीचा पासवर्ड बदलला की ही फाइलही बदलायची, हे लक्षात ठेवावे.

मालकी चुकते. जोडणी होते, फाइली दिसतात, पण लिहायला गेले की परवानगी नाही असा निरोप येतो. जोडणी रूटने केलेली असते, म्हणून सगळ्या फाइली त्याच्याच मालकीच्या दिसतात. यादीतल्या ओळीत यूआयडी आणि जीआयडी हे दोन आकडे दिले, की काउंटरवरच्या माणसाच्या नावे मालकी होते.

नावे बिघडतात. आमच्या काही ग्राहकांच्या फाइली उर्दू नावाच्या आहेत. एका संगणकावर ती नावे नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली. ओळीत अक्षरसंच यूटीएफ-८ असा लिहिल्यावर नावे सुधारली. फाइलीच्या नावात विसर्गासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह किंवा तिरपी रेघ वापरू नये. तारीख लिहायची तर मध्ये आडवी रेघ द्यावी.

बोली जुनी असते. एसएमबीची पहिली आवृत्ती आता धोक्याची मानली जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्या विंडोजच्या एका भोकातून शिरून जगभर संगणक बंद पाडले, ब्रिटनची सरकारी रुग्णालयेही त्यात सापडली. त्या भोकावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, पण पुष्कळांनी ते बसवले नव्हते. सांबाने २०१९ पासून पहिली आवृत्ती आपणहून बंद ठेवली आहे. म्हणून फार जुनी पेटी नव्या लिनक्सला जोडली जात नाही. मिस्त्री म्हणेल की जुनी आवृत्ती जबरदस्तीने चालू करून देतो. तसे करू देऊ नका. पेटीचा प्रोग्राम नवा होत असेल तर करून घ्या, नसेल तर पेटी बदला आणि ओळीत तिसरी आवृत्ती लिहा.

वीज जाते. खानदेशात उन्हाळ्यात विजेचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे काउंटरच्या संगणकाला इन्व्हर्टर होता, माडीवरच्या पेटीला आणि राउटरला नव्हता. वीज गेली की संगणक चालू आणि पेटी बंद, अशी स्थिती. लिहीत असताना पेटी बंद पडली तर उघडी फाइल बिघडू शकते. पेटी, राउटर आणि स्विच हे तिन्ही एकाच यूपीएसवर घ्यावेत. त्यांना वीज थोडीच लागते.

खरा उपाय

एवढे केल्यावर जोडणी क्वचितच तुटते. पण क्वचित तुटणारी गोष्टच जास्त फसवते, कारण तिच्यावर आपला भरवसा बसलेला असतो. म्हणून आणखी तीन गोष्टी करून घ्याव्यात.

पहिली, ओळीत स्वयंजोडणी लिहून घ्यावी. मिस्त्रीला एक्स-सिस्टिमडी डॉट ऑटोमाउंट असे सांगा. मग संगणक सुरू होताना पेटी शोधत बसत नाही. तुम्ही फोल्डर उघडता त्या क्षणी तो पेटीला हाक मारतो. पेटी असेल तर फोल्डर उघडते, नसेल तर चूक झाल्याचा निरोप येतो. रिकामे फोल्डर दाखवून फसवत नाही. पेटी पाच मिनिटांनी सुरू झाली तर पुढच्या टिचकीला जोडणी होते, संगणक बंद-चालू करावा लागत नाही. सोबत नेटडेव्ह आणि नोफेल हे दोन शब्द असावेत. पहिल्याने ही नेटवर्कवरची जागा आहे हे संगणकाला कळते. दुसऱ्याने पेटी नसली तरी संगणक अडून न बसता सुरू होतो.

दुसरी, जाजमाखालची जागा कुलूपबंद करावी. पेटी ज्या फोल्डरवर जोडायची, ते फोल्डर जोडणी नसताना रूटच्या मालकीचे असावे आणि इतर कोणाला त्यात लिहिता येऊ नये. शिवाय चॅटर नावाच्या आज्ञेने त्याला अचल करता येते, मग रूटलाही तिथे फाइल ठेवता येत नाही. जोडणी झाली की पेटीचे स्वतःचे नियम लागू होतात आणि काम नेहमीसारखे चालते. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते आधी झाले असते तर पोराला त्या सकाळी फाइलच करता आली नसती, त्याने आम्हाला फोन केला असता, आणि मास्टरांच्या दारात आमचा माणूस गेला नसता.

तिसरी, पेटीत एक खुणेची फाइल ठेवावी. आमच्या फोल्डरमध्ये सर्वात वर हजर नावाची एक फाइल आहे. पोरांना सांगून ठेवले आहे : हजर दिसली तर लिहायला सुरुवात करा, दिसली नाही तर कागदाच्या वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. ज्याला संगणकाचे काहीच कळत नाही, तोही एवढे पाहू शकतो.

चार परीक्षा

मिस्त्रीला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर चार परीक्षा घ्या. ठाण घेताना आपण घडी उलगडून, उजेडात धरून पाहतोच.

एक, पेटी बंद ठेवून संगणक सुरू करा. तो अडून न बसता सुरू झाला पाहिजे आणि फोल्डर उघडताना स्पष्ट नकार आला पाहिजे. दोन, आता संगणक तसाच चालू ठेवून पेटी सुरू करा. थोड्या वेळाने फोल्डर आपोआप उघडले पाहिजे. तीन, काम चालू असताना राउटरची वायर काढा, दोन मिनिटांनी पुन्हा लावा. जोडणी परत आली पाहिजे. चार, सगळ्यांची वीज एकदम घालवा आणि एकदम परत आणा. खरी परीक्षा हीच, कारण आपल्याकडे घडते ते हेच.

चारही वेळी काउंटरवर एक ओळ लिहा आणि माडीवर जाऊन ती दिसते का ते पाहा. डीएफ ही दोन अक्षरांची आज्ञा दिली की कोणती पेटी कुठे जोडलेली आहे आणि तिच्यात जागा किती उरली, तेही कळते.

एक सूचना आणखी. एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली तर लिबरऑफिस सांगते की ती दुसऱ्याकडे उघडी आहे. तेव्हा ती फक्त वाचण्यासाठी उघडावी. घाईत प्रत काढून तिच्यात लिहू लागलात, तर एका दिवसाचे दोन रोजमेळ होतात आणि कोणता खरा ते कोणालाच सांगता येत नाही.

एक प्रत पेटीबाहेर

जोडणी पक्की झाली म्हणजे माल सुरक्षित झाला असे नव्हे. पेटीत दोन डिस्क असल्या आणि एक बिघडली तर दुसरी चालते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते, आग आणि चोरी दोन्ही डिस्क एकदम नेतात. आणि कायमची जोडणी असलेल्या संगणकात व्हायरस शिरला तर तो पेटीपर्यंतही पोहोचतो. म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, ती डिस्क काम झाल्यावर सोडवून घ्यावी आणि दुकानाऐवजी घरी ठेवावी. आम्ही दर आठवड्याला काढतो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात, हेही ध्यानात असू द्या. सहा वर्षे एकाच पेटीच्या भरवशावर काढणे शहाणपणाचे नाही.

वडिलांच्या काळी लाल कापडाची वही होती. ती हरवली तर हरवल्याचे लगेच कळत असे, कारण तिची जागा रिकामी दिसे. संगणकाची वही हरवली तरी तिच्या जागी दुसरी कोरी वही उघडून देते, आणि आपण लिहीत राहतो. म्हणून संगणक वापरणाऱ्याने पहिली व्यवस्था हीच करावी की वही जागेवर नसेल तर लेखणी चालू नये.

मास्टर अजून आमच्याकडूनच माल नेतात. त्यांच्या पावतीची एक प्रत आम्ही काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. नवा पोरगा कामाला लागला की त्याला आधी ती दाखवतो, आणि मग हजर नावाची फाइल दाखवतो.